तोंडात धरलेले गाठोडे

छत्र्या दुरुस्त करणाऱ्या आजोबांचे घर म्हणजे मागे दोन खोल्या आणि पुढे दुकान. मुलगी बाळंतपणासाठी रुग्णालयात दाखल झाली, तेव्हा तिची दुसरीत शिकणारी लेक प्रथमच त्यांच्याकडे राहावयास आली. आजोबांनी गादीला ऊन दाखवले, उशीला नवा अभ्रा घातला. परंतु दुसऱ्याच सकाळी घात झाला. डोळे उघडताच नातीने छताच्या कोपऱ्याकडे पाहिले आणि ती किंकाळी फोडून थेट दुकानात आली.

"आजोबा, तिथे कोळी आहे! विषारी असणार. बाबांना सांगा, मी मावशीकडे जाते."

जावई संध्याकाळी यावयाचेच होते. आज भिऊन गेलेली पोर पुन्हा या घरी मुक्कामाला येईल, याची आजोबांना शाश्वती वाटेना.

"थांब, आधी ओळखू तर दे कोण आहे तो," असे म्हणून ते स्टुलावर चढले. छत्री हाती आली की प्रथम काड्या मोजावयाच्या, हा त्यांचा जन्माचा परिपाठ. तोच त्यांनी येथेही चालवला, आणि मोठ्या समाधानाने निर्वाळा दिला, "हा कोळी नव्हेच मुळी! कोळ्याला पाय आठ. याला सातच."

हा दिलासा पुरता अंगाशी आला. नात पांढरीफटक पडली. "कोळी नाही, मग काय आहे ते?"

आजोबा पुन्हा पाय मोजू लागले. अखेर तिनेच दप्तरातून प्राण्यांचे चित्रपुस्तक काढले. "मी दारातूनच वाचणार. बघायचं तुम्ही."

"बरं बाई. तसंही त्यातली अक्षरं मुंगीएवढी, मला कुठली दिसायला!" आजोबांनी भिंग डोळ्याला लावले.

"पाय खूप लांब, केसासारखे बारीक?" लांब पायांच्या कोळ्याचे पान उघडून तिने विचारले.

"आहेत. इतकं नाजूक काम मी जन्मात केलं नाही."

"जाळं विस्कटलेलं?"

"अगदी तुझ्या केसांसारखं."

"आजोबा!" ती फुरंगटली, पण वाचत राहिली. "जाळ्याला धक्का लागला की थरथरतो?"

आजोबांनी छत्रीच्या काडीचे टोक अलगद धाग्याला टेकवले. तत्क्षणी तो जीव असा हिंदकळू लागला की पाय आणि धड यांचे जणू धुके झाले.

"कापतोय गं. दिसेनासाच झाला."

नातीने पुढची ओळ बोट ठेवून वाचली. "शत्रूला आपण नीट दिसू नये, म्हणून तो असा हलतो. माणसाला अपाय करत नाही." "म्हणजे तो आपल्याला घाबरला?"

"मला घाबरला. तू तर दारात उभी आहेस."

ती दोन पावले आत आली. इतक्यात थरथर शमली आणि भिंगातून आजोबांना काही वेगळेच दिसले. "तोंडात काहीतरी धरलंय. फिक्या मण्यांचं गाठोडं."

"मादी आपली अंडी मोजक्या धाग्यांत बांधून तोंडात धरून ठेवते," नात वाचू लागली. तिचा स्वर आपोआप हळू झाला. "पिल्लं बाहेर येईपर्यंत ती सहसा काही खात नाही."

नातीने पुस्तक मिटले.

"आजोबा, हॉस्पिटलमध्ये आईला जेवायला देतात ना?"

आजोबा सावकाश स्टुलावरून उतरले. त्यांचीही लेक तीच होती. दोन दिवस तेही नीट जेवले नव्हते, हे त्यांनी कोणाला सांगितले नव्हते. "देतात, बाळा. गरम गरम देतात."

तिने त्यांच्या हातून भिंग घेतले. त्यांनी कंबरेला धरून तिला स्टुलावर उभे केले. बराच वेळ ती श्वास रोखून पाहत राहिली.

"खरंच सात. एक तुटलाय. आठवा तुम्ही लावून द्या ना."

"एवढी बारीक काडी माझ्या पेटीत नाही गं. पण एक काडी गेली तरी छत्री उभी राहते. बाकीच्या भार वाटून घेतात."

संध्याकाळी जावई आले. "अजून थोडा वेळ आहे म्हणतात. ती बरी आहे," त्यांनी सांगितले आणि लेकीला विचारले, "काय गं, भरायची का पिशवी?"

"बाबा, हळू बोला," तिने ओठांवर बोट ठेवून कोपऱ्याकडे खूण केली. "पिल्लं येईपर्यंत मी कुठेही जाणार नाही."

"पिल्लं?" जावयांनी गोंधळून सासऱ्यांकडे पाहिले.

आजोबा मात्र भिंतीशी उभा असलेला जळमटे काढायचा लांब दांड्याचा झाडू उचलून, मोडक्या छत्र्यांच्या ढिगामागे लपवण्यात गुंतले होते.