टर्बो गेलाय म्हणे

भाचीचा, भूमिकाचा साखरपुडा तोंडावर आला आणि योगराज चौधरींनी गाडी उघडून ठेवली.

"टर्बो गेलाय. बदलावा लागेल," एवढंच ते बायकोला म्हणाले.

चारुलताबाईंना आधी त्यात काही वावगं वाटलं नाही. योगराज आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिक शिकवायचे. घरच्या डिझेल गाडीला त्यांनी कधी गॅरेज दाखवलं नव्हतं. जळगावातल्या त्यांच्या अंगणात बॉनेट वर आणि चादरीवर पाने मांडलेले, हे नेहमीचंच होतं. पण या वेळी काम पुढे सरकेना. काढलेला टर्बो, इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा, ओट्यावर गोणपाटात पडून होता. नवा धुळ्याहून येणार होता, आणि रोज उद्यावर जात होता.

साखरपुडा दोंडाईच्याला, चारुलताबाईंच्या भावाकडे, नवलकडे होता. दिवाळीत नवलने दाजींच्या जुन्या गाडीची थट्टा केली होती आणि योगराज भरल्या ताटावरून उठले होते.

नवलचा फोन आला. "अक्का, गाडीनं काय व्हयनं? आठे बठ्ठा इचारतस." तिथे सगळेच विचारत होते.

"टर्बो गेलाय म्हणे," चारुलताबाई म्हणाल्या. त्यातलं 'म्हणे' त्यांचं त्यांनाच ऐकू आलं.

मग त्या आठवू लागल्या. टर्बो गेला की गाडी धूर ओकते, चढाला दम टाकते. गाडी उघडण्याआधी, फैजपूरहून परतताना, ती तर छान ओढत होती. वाटेत योगराज एकदा कचकन थांबले होते, उतरून बराच वेळ उभे राहिले होते. इंजिन तापलं, म्हणाले होते. पण बॉनेट उघडलं नव्हतं.

योगराज भाजी आणायला गेले तेव्हा चारुलताबाईंनी धुळ्याच्या दुकानात फोन लावला. सगळे पार्ट तिथूनच यायचे.

"सरांची ऑर्डर? नाही हो ताई," दुकानदार म्हणाला. "बऱ्याच दिवसांत त्यांचा फोनच नाही."

चारुलताबाईंनी गोणपाट उलगडलं. घरी शिकायला येणाऱ्या पोरांना योगराज काय सांगायचे ते त्यांनी स्वयंपाकघरातून कितीदा ऐकलं होतं: मधला दांडा बोटात धरून हलवा. डुगडुगला तर टर्बो गेला. त्यांनी हलवला. दांडा जागचा हलला नाही. पंखा बोटाने फिरवला, तो सुळकन फिरला. आत तेलाचा थेंब नव्हता.

भावाच्या दारात जायचं नाही म्हणून एवढं नाटक. त्यांना राग आला, आणि रागापेक्षा जास्त अपमान वाटला.

योगराज आले तसा त्यांनी टर्बो त्यांच्यासमोर ठेवला. "हा चांगला आहे. दुकानात ऑर्डरही नाही. नवलकडे यायचं नव्हतं तर तसं सांगायचं."

योगराजांनी पिशवी खाली ठेवली आणि खुर्चीवर बसले.

"नवलचा काय संबंध," ते म्हणाले. "फैजपूरहून येताना डावीकडून एक मोटारसायकल आली. नवरा, बायको, मधे लेकरू. मला दिसलीच नाही, चारू. हॉर्न ऐकून ब्रेक मारला. त्या बाजूचं मला बरेच दिवस नीट दिसत नाही."

"मग डॉक्टरकडे..."

"डॉक्टर म्हणाले असते, गाडी बंद. म्हटलं, मीच बंद करतो. उघडी असली की कुणी चालवायला सांगत नाही."

चारुलताबाईंनी दुसऱ्याच दिवशी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येणार नव्हती, उरलेली थेंबांनी राखता येणार होती. साखरपुड्याला दोघं रेल्वेने गेले. स्टेशनवर न्यायला आलेल्या नवलला योगराजांनी स्वतःच सगळं सांगितलं. तो त्यांच्या डाव्या बाजूने चालू लागला.

परत आल्यावर टर्बो पुन्हा बसवायचा ठरला. चारुलताबाई ड्रायव्हिंग क्लासला नाव घालून आल्या होत्या. सांध्यात बसवायची नवी गॅस्केटं आली, आणि योगराज बोल्ट आवळू लागले.

"हा डावीकडचा बोल्ट दिसतोय?" चारुलताबाईंनी विचारलं.

"दिसतोय."

त्यांचा विश्वास बसला नाही. त्यांनी आवाज न करता डावीकडून बोट पुढे आणलं. योगराज कामातच होते. बोट त्यांच्या नाकासमोर आलं तेव्हा त्यांचा हात थांबला.

"पाना घे," ते म्हणाले. "डावीकडचे तू आवळ. फार ताकद लावू नकोस."