आसरांचा वाटा

कौशल्याबाईंच्या पोरीची सटवी पुजली, त्या दिवशीही आईच्या अंगावर दूध नव्हतं.

कौशल्याबाई माझी नणंद. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी, आमच्याकडे आलेली. पोर रडून रडून निळी पडायची, मग आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, तिला फडक्यात गुंडाळून आणायच्या आणि काही न बोलता माझ्या मांडीवर ठेवायच्या. माझा गोविंदा तेव्हा नऊ महिन्यांचा. आपल्या जागेवर दुसरं कोणी आलेलं तो आधी नुसता बघायचा, मग हळूच तिच्या जावळाला धरायचा. एक डावीकडे, एक उजवीकडे. दोघांचं पोट माझ्या एकटीवर होतं, आणि ते पुरत नाही हे माझ्या अंगालाच कळायला लागलं होतं. पहाटे गोविंदा ओढून ओढून दमायचा आणि मी काहीतरी लपवून ठेवल्यासारखा माझ्या तोंडाकडे बघत राहायचा.

गाय आटलेली. शेळीचं दूध पाणी घालून दिलं, ते पोरीनं ओकून टाकलं. शेवटी सुईण जयवंता आली, कौशल्याबाईंना चाचपून पाहिलं आणि उंबऱ्यात बसून पान लावत म्हणाली, "ताज्या मासोळीचा रस्सा द्या. वीतभर पांढरी मासोळी, जिरं-लसून घालून, तिखटाचं बोट नका लावू. चार-आठ रोज पोटात गेला पाह्यजे. पान्हा नाई फुटला तं मायं नाव बदला."

"अन् मोठी मासोळी भेटली तं?" आत्याबाईंनी विचारलं.

"मोठी वातूळ असते. ते तुमी खा."

वैशाख होता. पूर्णेचं पाणी तुटून जागोजागी डोह राहिले होते, आणि आमची वांग्या-मिरच्यांची बाडी अशाच एका डोहाच्या काठाला होती. पुरात वाहून आलेल्या बाभळी त्याच्या तळाशी आडव्या पडलेल्या, त्यामुळे जाळं टाकलं की फाटायचंच. तिथं फक्त गळ चाले, आणि गळ मामाजींच्या, माझ्या सासऱ्यांच्या हातचा. त्यांचं नाव पुंजाराम, पण मी ते कधी उच्चारलेलं नाही. खरं तर मी त्यांच्याशी थेट बोलतही नसे. सांगायचं ते आत्याबाईंना सांगायचं, ते मामाजींच्या कानावर पडेल इतक्या मोठ्यानं. आमच्याकडे सुनांची तीच रीत.

मामाजींचीही एक रीत होती. डोहाकाठी उंबराखाली शेंदूर लावलेले सात दगड होते. त्या आसरा, पाण्यातल्या सात बहिणी. गळाला लागलेली पहिली मासोळी त्यांची. मामाजी ती दोन्ही हातांत धरून कपाळाला लावायचे आणि दगडांसमोरच्या खोल पाण्यात जिवंत सोडायचे. त्यांच्या बापानं हेच केलं होतं, आज्यानंही. दुसरीपासून घरची.

त्या वर्षी दुसरी घरी येईना.

दोरी हलायची, मामाजी ओढायचे, पाण्यात पांढरं चमकायचं, आणि तेवढ्यात खालून काहीतरी यायचं. दोरी एकदम जड व्हायची, मग एकदम हलकी. वर यायचं ते नुसतं मुंडकं. कधी तर दोरीच तुटून यायची. चार दिवसांत तीन गळ गेले. लढाईमुळे अकोल्याच्या बाजारात गळ मिळत नव्हते. आमचे हे तिथं कापसाच्या जीनमध्ये कामाला होते, त्यांनी चार दुकानं पालथी घालून रिकाम्या हाती निरोप पाठवला. घरात आता एकच गळ उरला होता.

मामाजींना कारण ठाऊक होतं. कौशल्याबाई भरल्या दिवसांत, टळटळीत दुपारी, डोहावर पाण्याला गेल्या होत्या. आसरा रागावल्या. दूध त्यांनीच बांधलं, घासही त्याच पळवतात. म्हणून मामाजींनी वाटा वाढवला. एकाच्या दोन मासोळ्या झाल्या. दिवसभरात हाताला लागायच्या त्याच दोन, त्याही देवाला जायच्या, आणि कौशल्याबाई संध्याकाळी कण्या खाऊन भिंतीकडे तोंड करून निजायच्या. "वैनी," एकदा त्या म्हणाल्या, "तुमी दोघाइले पाजता तवा मले पाहू वाटत नाई. पोर मायी हाये ना." मी त्यांच्या पायांना तेल चोळत बसले.

दुसऱ्या दिवशी बाळोती धुवायला डोहावर गेले. मामाजी पलीकडे उंबराखाली होते. त्यांनी मासोळी कपाळाला लावली, वाकून पाणी हातानं हलवलं, आणि अजून मासोळी सोडली नाही तोच बुडालेल्या बाभळीकडून पाण्यावर एक फुगवटा निघाला. सरळ त्यांच्या हाताकडे आला. ढेपेची बादली वाजली की आमचं वासरू येतं ना, अगदी तसा.

मी बाळोतं पिळायचं विसरले.

त्या दिवशी आलेलं मुंडकं घरी आणून मी उजेडात धरलं. जिथं तुटलं होतं तिथं बारीक बारीक भोकं, दाट, सुयांच्या पुड्यासारखी. ते घेऊन आत्याबाईंकडे गेले.

"आत्याबाई, हे पाहा."

"काय पाहू? मुंडकं हाये."

"दात पाहा. आसराईले असे दात असतात काय?"

"मले काय माईत? मी काय त्याइच्या पंगतीले बसली कधी?" पण त्यांनी मुंडकं हातात घेतलं. अंगठा फिरवला.

"मासा हाये," मी म्हटलं. "मोठा. मामाजी रोज त्याले जेवू घालून राहिले. तो आता त्याइचा हात ओळखते. वाट्याची मासोळी तो कधी पळवत नाई, काहून का ते त्याले आयतीच भेटते. घरची पळवते."

आत्याबाईंनी ते मुंडकं कोनाड्यात ठेवलं. रात्रीच्या जेवणाला बसल्यावर त्यांनी ते सगळं मामाजींच्या पुढ्यात मांडलं. मी दाराआड भाकरी थापत होते.

"तिले म्हना भाकरी थाप," मामाजी म्हणाले. "आसराईचा वाटा बंद केला तं पोर हातची जाईन."

मी भाकरी तव्यावर टाकली आणि आत्याबाईंना म्हटलं, मोठ्यानं, "त्याइले म्हना, वाटा बंद नका करू. फक्त दोरी बांधून द्या."

मामाजींचा घास हातातच राहिला. "देवीच्या ताटात गळ टाकू?"

आतल्या खोलीत पोर कुरकुरायला लागली. आत्याबाईंनी वाडग्यातलं वरण मामाजींना वाढलं आणि वाडगा जरा जोरातच खाली ठेवला.

"मी सांगू काय? आसरा बाया हायेत का नाई? साती जनी?"

"हायेत."

"मंग बाळंतिनीच्या तोंडचा घास कोनती बाई पळवते? एखादी द्वाड असन. साती जनी? तेही रोज?" त्यांनी ताटाकडे बोट दाखवलं. "असं आयतं खाऊन वर हात मारनं बाप्याचं काम हाये. पाण्यात कोनी तरी बाप्या बसला हाये."

मी तोंडात पदर कोंबला. मामाजी खाली मान घालून जेवले. पाणी प्याले. हात धुतला. अंगणात जाऊन थोडा वेळ उभे राहिले आणि तिथूनच म्हणाले, "दोरी कोनती घ्याची म्हंते ते?"

दोरी मोटेची घेतली, जुना सोंदूर, अंबाडीपेक्षा बळकट. गळ मी केला. बोंद्र्या, म्हणजे गोणपाटं, शिवायचा जाड दाभण चुलीत लाल केला, सांडशीनं वाकवला, छिन्नीनं टोकाजवळ एक काटा उचलला आणि पाण्यात बुडवला. दाभणाला नेढं असतंच, त्यात बांधायला तार हवी होती, कारण दोरी त्या दातांनी कापली असती. तार घरात एकच, कंदिलाची कडी. ती काढली तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, "आता काय कंदील पोरासारखा कडेवर घेऊन हिंडू?" पण कडी सरळ करायला दुसरं टोक त्यांनीच धरलं.

दुसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर आम्ही तिघं डोहावर गेलो. आत्याबाईंनी आधी सातही दगडांना हळद-कुंकू वाहिलं, दहीभात ठेवला, हिरव्या बांगड्या ठेवल्या. "हे तुमचं," त्या दगडांना म्हणाल्या, "अन् ते त्याचं. राग नका धरू."

मामाजींनी शेवटचा गळ टाकला. पहिली मासोळी आली, अख्खी. मी ती दाभणाच्या गळाला पाठीतून अडकवली. दोरीचा एक फेर उंबराच्या खोडाला घालून शेपूट माझ्या हातात ठेवलं. मामाजींनी मासोळी कपाळाला लावली. त्यांनी पाणी हलवलं आणि हात उघडले.

फुगवटा निघाला.

दोरी माझ्या हातातून अशी गेली की तळवा भाजला. खोडाची साल सोलून निघाली. डोहाच्या मधोमध पाणी फुटलं आणि एक काळी, बिनखवल्यांची पाठ वर आली. मामाजींच्या तोंडून नुसता वारा बाहेर पडला. मग त्यांनी दोरी धरली आणि सगळं बळ लावून हिसका दिला.

माझा गळ घरचा होता. असा दुसरा हिसका बसला तर दाभण सरळ होणार होता, आणि परत कधी तो मासा फसणार नव्हता.

"मामाजी, हिसका देऊ नका," मी ओरडले. "गोऱ्हा हाये तो. पयल्यांदा जुवाखाली आला हाये."

ते ऐकताच त्यांच्या हातांना कळलं. आयुष्यभर त्यांनी गोऱ्हे नांगराला शिकवले होते. ते ओढायचे थांबले. तो पळाला की ते दोन पावलं पाण्यात जायचे, दोरी द्यायचे. तो थबकला की परत घ्यायचे. ओठांतून त्यांचं च्-च् चालू झालं, बैलाला घालतात तसं. तो बाभळीकडे वळला की मी खोडाभोवती दोरी आवळायची, मोकळ्या पाण्यात आला की ढील द्यायची. घराकडून पोरीचं रडणं आलं, तिच्यामागून गोविंदाचं. होतं तेवढं दूध माझ्या चोळीत उतरलं. मी दोरी सोडली नाही. ऊन उंबराच्या एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर गेलं. तेवढा वेळ लागला.

शेवटी तो उथळाला आला, एका कुशीवर. शिवडा मासा होता. रुंद तोंड, लांब मिशा, पांढरं पोट. गळ त्याच्या जबड्यातून अर्धा सुटलेला दिसत होता. आत्याबाईंनी लुगडं खोचलं, बोंद्री घेऊन गुडघाभर पाण्यात शिरल्या, ती त्याच्या डोक्यावर टाकली आणि वर बसल्या.

"बसली मी," त्या म्हणाल्या. "आता याले म्हना, उठवून दाखव."

मामाजींनी खांद्याच्या उंचीवर त्याला बांबूला लटकवलं, तरी शेपटी मातीत लोळत होती. वाड्या-वस्तीतून माणसं धावली. नत्थुजी भोई आले, त्यांनी चारी बाजूंनी त्याला पाहिलं आणि खाली बसूनच घेतलं. "माये तीन जाळे यानंच फाडले," ते म्हणाले. "अन् मी बाभळीले शिव्या देत होतो. गळ कोनं केला?"

सगळे मामाजींकडे पाहू लागले. या वेळी मामाजींनी आत्याबाईंना मध्ये घेतलं नाही. सरळ माझ्याकडे हात केला. "आमच्या सुनेनं," ते म्हणाले. "शकुननं." चार माणसांत सासऱ्याच्या तोंडून माझं नाव. मी पदर पुढे ओढला, पण आतल्या आत मला त्या डोहाएवढं हसू येत होतं.

नत्थुजींनी मासा कापला तेव्हा जबड्यात आमचे तीनही गळ रुतलेले सापडले. सगळ्या आळीनं तो खाल्ला. आमच्या घरी कौशल्याबाई सोडून सगळ्यांनी.

त्यांचा घास दुसऱ्या दिवशी आला. मामाजींनी चार दोऱ्या टाकल्या आणि चारही मासोळ्या अख्ख्या आल्या, शेपटीसकट. एक आसरांना गेली. पाण्यावर फुगवटा आला नाही, मासोळी आपली पोहत निघून गेली. तिघींचा रस्सा झाला. कौशल्याबाईंनी तो वाटी तिरपी करून, शेवटच्या थेंबापर्यंत प्याला. तिसऱ्या दिवशी त्यांना छातीत ठणका लागला. चौथ्या दिवशी पोर त्यांच्या अंगाला लागली आणि सुटेचना. आत्याबाई आत बघायच्या आणि बाहेर येऊन उगाच झाडायला लागायच्या, झाडलेलंच अंगण.

पाचव्या दिवशी सकाळी मी तव्यासमोर होते. गोविंदा मांडीवर किरकिरत होता, कारण माझं अंग अजून भरून आलं नव्हतं.

"वैनी," कौशल्याबाईंची आतून हाक आली. "गोविंदाले इकडे आना."

"काहून?"

"आना म्हंते ना. पोरगी पेऊन झोपली, तरी थांबत नाई. चोळी भिजून राहिली. वाया कायले घालू?"

मी त्याला आत नेलं. तो त्यांच्याकडे बघत राहिला, नवीन घर बघावं तसा. कौशल्याबाईंनी त्याला जवळ घेतला, त्याच्या कपाळावरचे केस मागे सारले आणि माझ्याकडे अशा पाहत राहिल्या, जशी राणी पाहते. थोड्या वेळानं गटगट आवाज यायला लागला. त्याची मूठ उघडली. पायाची बोटंसुद्धा सैल झाली.

मी बाहेर आले. तव्यावरची भाकरी फुगली होती. ती ताटात घेतली, वर लोणी घातलं, आणि गरम असतानाच, बसून, दोन्ही हातांनी खाल्ली.