कोटाच्या आत

हिवेतने वडिलांच्या कोटाचं वरचं बटण लावलं. ओक्बाझगींनी ते काढलं. तिने पुन्हा लावलं.

"गुदमरतंय मला."

"गुदमरू दे. आतलं दिसायला नको."

आत हिरवी जर्सी होती. छातीवर शेजारच्या देशाचं नाव. एकेकाळी अस्माराची सायकलपटू पोरं त्या देशाच्या नावाने शर्यती खेळली, कारण तेव्हा आपला मुलूख त्यांच्याच ताब्यात होता, आपलं असं नाव लावायची सोय नव्हती. त्याच देशाच्या फौजेशी आपली तीस वर्षं लढाई चालली. हिवेतचा धाकटा भाऊ तेकेस्ते मस्सावाला पडला तो त्यांच्याच गोळीने. आणि आज, रविवारी, भर रस्त्यात, जुन्या सायकलपटूंच्या सत्काराला तिच्या बापाला हीच जर्सी घालायची होती.

समितीने पाठवलेली नवी कोरी निळी जर्सी खाटेवर घडी न मोडता पडली होती.

"बाबा, शेवटचं विचारते. ती निळी घालता का?"

"ती घालून मी कुठली शर्यत खेळलोय?"

"आणि ही घालून गेलात तर लोक दगड मारतील."

"मारू देत. मस्सावाचा घाट उतरताना त्याहून मोठे दगड चुकवलेत."

हिवेतने कपाळावर हात मारला. सत्कारात वडिलांचं नाव यावं म्हणून चार महिने ती समितीच्या कचेरीत खेटे घालत होती. आधी ते म्हणाले, असा कोणी सायकलपटू आमच्या माहितीत नाही. मग म्हणाले, फोटो आणा. तिने मेक्सिकोतल्या शर्यतीचा फोटो नेला, तर साहेबांनी तो लांब धरून पाहिला आणि म्हणाले, छातीवरचं नाव झाकता येईल का? ती भांडली, रडली, एकदा तर साहेबांच्या दारात शिदोरी सोडून बसली. तेव्हा कुठे नाव लागलं. आणि ज्याच्यासाठी हे सगळं केलं, तो माणूस काल संध्याकाळी आपल्या सायकलच्या दुकानाच्या माळ्यावरून टायर-ट्यूबच्या डब्यातून हे काढून आणतो!

एक गोष्ट मात्र तिला कालपासून खुपत होती.

"तुमची जर्सी तर आईने चुलीत घातली होती. तेकेस्तेची बातमी आली त्या दिवशी. मी समोर होते."

"माझी घातली," ओक्बाझगी म्हणाले.

"मग ही कोणाची?"

त्यांनी काठी उचलली. "टॅक्सी थांबलीय का बघ. उशीर झाला तर म्हणशील, बाबांमुळे झाला."

टॅक्सीत ती औषधांची पिशवी मांडीवर घेऊन बसली. ओक्बाझगी मात्र काच खाली करून प्रत्येक सायकलवाल्याला काही ना काही सुनावत होते. एकाची सीट फार खाली होती, दुसऱ्याची चेन कोरडी होती. तिसऱ्याला त्यांनी, "पोट आत घे, बाबा, पोट!" असं ओरडून सांगितलं, आणि टॅक्सीवाला इतका हसला की हिवेतने खिडकीबाहेर तोंड फिरवलं.

सत्कारानंतर सुटणारी शर्यत बघायला ताडांच्या रस्त्यावर दुतर्फा माणसं दाटली होती. कॉफीच्या दुकानांबाहेरच्या खुर्च्यांवर लोक उभे होते. मंचावर आठ म्हातारे बसले होते, आठही निळ्या जर्सीत, आणि बहुतेकांच्या पोटावर ती ताणली होती. ओक्बाझगी नववे. शेजारच्या खुर्चीत काहसाय होते, त्यांचे जुने भिडू. एका कानाने बहिरे, दुसऱ्याने सोयीपुरते.

हिवेत औषधांची पिशवी घेऊन मंचाच्या पायऱ्यांशी उभी राहिली. तिथून कोट दिसत होता. बटणं लावलेली होती.

"काय गं," काहसाय खाली वाकून म्हणाले, "याला ताप आलाय का? एवढ्या उन्हात कोट!"

"तुम्हीच सांगा ना त्यांना, काहसायकाका. आत ती हिरवी घालून बसलेत."

काहसायांचं हसू थांबलं. त्यांनी शेजारी पाहिलं. ओक्बाझगी रस्त्याकडे बघत होते.

"कुठली हिरवी? याची तर जळली."

"तेच तर विचारतेय मी कालपासून!"

काहसायांनी हात लांब करून कोटाचा काठ जरा उचलला. जर्सीचं खालचं टोक पार मांडीपर्यंत आलं होतं. ओक्बाझगी बुटके होते, तरुणपणीही बुटकेच. काहसायांनी कोट हलकेच सोडला.

"नेगासीची आहे," ते म्हणाले.

नेगासी वोल्दूचं नाव हिवेतने लहानपणी ऐकलं होतं, तेही दार लावून घेतल्यावर. चढावर त्याला गाठणारा कोणी नव्हता, असं म्हणत. त्या देशाच्या राजधानीत, आदिस अबाबात, सत्ता पालटली त्या साली शिपायांनी त्याला गॅरेजमधून उचलून नेलं. हातातला पाना तसाच राहिला होता म्हणे.

"त्याची आई आली होती रडत," काहसाय म्हणाले. "घरोघर झडत्या चालल्या होत्या. पोराची एवढीच वस्तू उरलीय, सांभाळ म्हणाली. मी नाही म्हटलं. घरात लहान मुलं होती माझ्या." त्यांनी ओक्बाझगींकडे मान हलवली. "याच्याही घरात होती. तू होतीस."

"मग समितीला का नाही सांगितलं? नेगासींचं नाव लागलं असतं."

"तुझा बाप जाऊन आला ना समितीत. तुझ्या आधी. म्हणाले, हा सत्कार हयात असलेल्यांचा. वारलेल्यांसाठी पुढच्या वर्षी फलक लावू. फलकासाठी मृत्यूचा दाखला आणा. आता ज्याचं मढंच मिळालं नाही, त्याचा दाखला कुठून आणायचा? जिवंतांत नाही, मेलेल्यांतही नाही."

हिवेतला संताप आला. समितीचा आला, आणि वडिलांचा त्याहून जास्त. हा माणूस तिच्या आधी त्या कचेरीत गेला होता आणि स्वतःबद्दल चकार शब्द न बोलता परत आला होता. म्हणून तर समितीवाले तिला म्हणाले होते, असा कोणी आमच्या माहितीत नाही!

ध्वनिक्षेपकावर एकेक नाव पुकारलं जाऊ लागलं. एकेक म्हातारा उठून पुढे जाई, पदक गळ्यात पडे, टाळ्या वाजत. काहसायही जाऊन आले. मग निवेदकाने हातातल्या कागदावर नजर टाकली.

ओक्बाझगी आधीच उठले होते. पुढे जाता जाता त्यांनी कोट काढला आणि खुर्चीच्या पाठीवर टाकला.

पुढच्या रांगांतली माणसं छातीवरचं नाव वाचू लागली. मग कुणीतरी ओरडलं, "काढा ते!" दुसऱ्याने शिवी दिली. ओक्बाझगी दोन्ही हात सरळ सोडून उभे राहिले. त्या ढगळ जर्सीत ते आणखीच लहान दिसत होते.

निवेदक तरुण होता. त्याने सावरून घ्यायला हसत विचारलं, "आजोबा, तुम्हीच सांगा सगळ्यांना आपलं नाव."

"नेगासी वोल्दू."

निवेदकाने कागद पाहिला. माइकवर हात ठेवून तो पायऱ्यांकडे आला आणि हिवेतपाशी वाकला. तो समितीच्या कचेरीतलाच, चार महिन्यांत तिला चांगला ओळखू लागला होता.

"ताई, हे काय? इथे तर ओक्बाझगी लिहिलंय. नाव एकदाच पुकारता येईल, पाठोपाठ शर्यत सुटायचीय. बोला लवकर, कुठलं घेऊ?"

हिवेतने वर पाहिलं. वडील तिच्याकडे बघत नव्हते. मान थोडी पुढे काढून ते रस्त्याच्या टोकाकडे पाहत होते. काठी खुर्चीपाशीच राहिली होती. बसा म्हटलं असतं तरी बसले नसते.

"त्यांनी सांगितलं तेच घ्या," ती म्हणाली. "आणि मोठ्याने घ्या. मागे ऐकू जात नाही."

"आणि ओक्बाझगी? ते आले नाहीत असं सांगू?"

"काही सांगू नका." तिने पिशवीतली पाण्याची बाटली काढली आणि पायऱ्या चढू लागली. "त्यांचं मी घरी गेल्यावर बघते."