पिल्लं तोलणारा काटा

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे, हे माझ्या उडालेल्या रंगावरून कुणीही ओळखेल. पण मी आयुष्यात पीठ-साखर फारशी तोललेली नाही, हे सांगितल्याशिवाय कळायचं नाही. मी तोलली ती कुत्र्याची पिल्लं. तीही छोट्या जातीची, मोठेपणीसुद्धा मांडीवर मावणारी. जन्मतः असं पिल्लू जेमतेम सव्वाशे ग्रॅम भरतं. एवढंसं ओझं पेलताना माझी सुई किती जपून हलते, ते माझं मलाच ठाऊक.

कारखान्यात माझ्या पोटात स्प्रिंग बसवली, पुढे घड्याळासारखी तबकडी लावली आणि डोक्यावर निळं पत्र्याचं ताट ठेवलं. तपासणाऱ्या कामगाराने एकेक वजन ठेवून पाहिलं आणि माझ्यावर शिक्का मारला. त्या शिक्क्याचा मला भारी तोरा होता. वाटलं, आता आपण जाऊ तिथे खरंच बोललं जाणार.

माझी पहिली नोकरी पिल्लं विकणाऱ्या एका दुकानात लागली. दुकान कसलं, पुढे काचेची खिडकी आणि मागे कोंदट खोली. खोलीत पिंजरे होते, पिंजऱ्यांत पिल्लं होती, आणि त्यांच्या आया कुठे होत्या ते मला इतक्या वर्षांत एकदाही कळलं नाही. गिऱ्हाईक आलं की दुकानदार पिल्लू माझ्यावर ठेवायचा. सुई चारशेच्या आत थांबली की त्याचा चेहरा खुलायचा. "बघा, तीन महिन्यांचं झालं तरी एवढंच. जन्मभर बशीत मावेल," असं तो ठोकून द्यायचा आणि गिऱ्हाईक हरखून जायचं. खरं तर ते पिल्लू पाचच आठवड्यांचं असायचं, आईच्या दुधावरून ओढून आणलेलं आणि अर्धपोटी ठेवलेलं. मी एकदाही चुकीचा आकडा दाखवला नाही. तरी मापात पाप होतंच, आणि ते माझ्याच ताटात बसून होत होतं. त्याची मला आजही लाज वाटते.

तिथे एकदा माझं ताट फरशीवर आपटलं आणि त्याच्या कडेला चांगला पोचा आला. पुढे दुकान बंद पडलं. मी भंगारवाल्याकडे धूळ खात पडलो. तिथून मला नर्सबाईंनी उचललं.

नर्सबाई म्हणजे इस्पितळातून निवृत्त झालेल्या परिचारिका. त्यांनी घरी दोन कुत्र्या पाळल्या होत्या आणि दोन वर्षांतून एखादंच बाळंतपण त्या होऊ देत. त्यांनी मला घासूनपुसून स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवलं. प्रत्येक पिल्लाच्या गळ्यात वेगळ्या रंगाची लोकरीची फीत, आणि रोज सकाळी वहीत प्रत्येकाचं वजन. इथली तऱ्हाच उलटी होती. आकडा वाढला की बाई खूश, अडला की त्यांच्या कपाळाला आठी. पाच ग्रॅम वाढले म्हणून कुणी पिल्लाची पाठ थोपटतं, हे मी जन्मात पहिल्यांदा पाहत होतो.

एका रविवारी एक शिंपीदादा आपल्या दहा वर्षांच्या लेकीला घेऊन पिल्लू बघायला आले. बाईंनी आधी दोघांना हात धुवायला लावले, मग पिल्लांची आई दाखवली. कुत्री शेपूट हलवत आली, शिंपीदादांचे पाय हुंगले आणि परत टोपलीत जाऊन आडवी झाली. लेक मात्र स्वयंपाकघराच्या दारातच थबकली होती. ती माझ्या ताटाच्या पोच्याकडे बघत होती.

"बाबा, हा तोच काटा आहे. चला, घरी जाऊ."

शिंपीदादांचाही चेहरा पडला. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. दोन वर्षांपूर्वी त्यांनी त्या काचेच्या खिडकीतून सगळ्यांत इवलं पिल्लू नेलं होतं. नवव्या दिवशी ते गेलं. वय कमी, अंगात ताकद नाही, रक्तातली साखर उतरली, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून पोरीने कुत्र्याचं नाव काढलं नव्हतं. आज बापाने नाना परीने समजावून तिला इथवर आणलं होतं, आणि समोर उभा कोण, तर मी. मला ते पिल्लू आठवत होतं. तीनशे चाळीस ग्रॅम. धरणीने पोटात घ्यावं असं मला झालं.

बाई रागावल्या नाहीत. "भंगारातून आणलाय गं मी तो. खोटा वाटत असेल तर तपासून बघ," म्हणत त्यांनी साखरेचा अर्ध्या किलोचा न फोडलेला पुडा तिच्या हातात दिला. पोरीने ओट्यापाशी येऊन तो माझ्यावर ठेवला. सुई पाचशेच्या किंचित पुढे थांबली, पुड्याच्या कागदासकट.

"काटा बरोबर आहे," शिंपीदादा म्हणाले. "माणूस खोटा होता."

पोरीने पुन्हा घरी जायचं नाव काढलं नाही. बाईंनी वही समोर ठेवली. जन्मतारीख, रोजचं वजन, लशीची तारीख, शिवाय आईचे गुडघे आणि हृदय तपासल्याचा डॉक्टरांचा कागद. शिंपीदादा ओळीओळीवर बोट ठेवून वाचू लागले. पोरीचं लक्ष केव्हाच टोपलीतल्या चार पिल्लांकडे गेलं होतं, आणि तिचा हात गेला तो थेट हिरव्या फितीकडे. तेच सगळ्यांत लहान होतं.

"आजी, हे द्याल?"

"नाही," बाई म्हणाल्या. "दोन दिवस त्याचं वजन हललेलं नाही. डॉक्टरांना दाखवल्याशिवाय मी ते कुणालाच द्यायची नाही. कदाचित कधीच नाही."

"आम्ही जिवापाड जपू हो," शिंपीदादा म्हणाले. "दोन वर्षांनी पोरीने काही मागितलंय."

"म्हणून तर नाही म्हणते, दादा. तिला पुन्हा तेच बघायला लावायचंय का?"

शिंपीदादांनी मान खाली घातली. पोर हात मागे घेऊन वळली. मग बापाला म्हणाली, "तो दुकानदार कशालाच नाही म्हणाला नव्हता." एवढं बोलून ती फरशीवर मांडी घालून बसली.

बसल्या बसल्या लाल फितीचं पिल्लू दुडदुडत तिच्याकडे आलं. डोळे स्वच्छ, पोट खपाटीला गेलेलं नाही की फुगलेलं नाही. पोरीला हुंगून झाल्यावर त्याने शिंपीदादांच्या मोज्याचं टोक दातांत धरलं आणि मागे ओढायला लागलं.

"घ्या, माप घ्यायच्या आधीच कापड खेचतंय," शिंपीदादा म्हणाले, आणि पोर हसली.

मग बाईंची उलटतपासणी सुरू झाली. घरी दिवसभर कोण असतं? शिवणाच्या खोलीत सुया-टाचण्या खाली पडतात का? पडतात, असं शिंपीदादांनी कबूल केलं. मग त्या खोलीत याला पाऊल टाकू द्यायचं नाही. सांभाळणं नाहीच जमलं तर दुसऱ्या कुणाच्या गळ्यात मारायचं नाही, इथेच परत आणायचं. आणि आज न्यायचं नाही, दहा आठवड्यांचं होऊ द्यायचं. शिंपीदादा सासऱ्यापुढे बसलेल्या जावयासारखे सगळ्याला हो म्हणत होते.

पुढचे चार रविवार पोर आली. स्वतः पिल्लू माझ्यावर ठेवायची, आकडा मोठ्याने वाचायची आणि स्वतःच्या वहीत लिहायची. हिरव्या फितीच्या हृदयात दोष निघाला. ते बाईंजवळच राहिलं, आणि आता रोज त्यांच्या पायात घोटाळत असतं.

चौथ्या रविवारी लाल फीत आठशे नव्वद ग्रॅम भरली. पोरीने पिल्लू छातीशी धरलं आणि निघता निघता विचारलं, "आजी, माझ्या आधीच्या पिल्लाचं वजन कुणी लिहून ठेवलं असेल का?"

"नसेल गं, बाळा," बाई म्हणाल्या.

मला ठाऊक होतं. पण माझं ताट रिकामं होतं आणि सुई शून्यावर होती.

मित्रांनो, छोट्या जातीचं पिल्लू आणायला जाल तेव्हा त्याच्या चिमुकलेपणावर भाळू नका. त्याची आई बघा, वय विचारा, कागद मागा. कुणी तुम्हांला नाही म्हटलं, तर फुगून बसू नका. मला फक्त वजन सांगता येतं. ते पिल्लू पाचच आठवड्यांचं आहे आणि उपाशी आहे, हे मला त्या दिवशी सांगता आलं नाही. आणि कुणी विचारलंही नाही.