गोव्याला द्यायची मुलगी

बेचाळीसच्या चळवळीत झुलालभाऊ तीन महिने भूमिगत होते. नशिराबादला मामाच्या केळीच्या बागेत दाढी वाढवून राहिले. पुढे कळलं, पोलिसांनी त्यांच्यावर वॉरंटच काढलं नव्हतं. त्यांना कोणी शोधतच नव्हतं. हे शल्य भाऊंच्या मनात तेरा वर्षं सलत होतं.

म्हणून पंचावन्नच्या मे महिन्यात जळगावहून पत्र आलं, तेव्हा भाऊंनी दार लावून ते तीनदा वाचलं. "रविवारी दुपारच्या गाडीने पाहुणे मुलगी पाहायला येतील. पसंत पडल्यास लगेच पाठवणी करावी."

मुलगी म्हणजे पत्रकं छापायचं सायक्लोस्टाईल यंत्र. गोव्यात पोर्तुगीजांच्या नाकावर टिच्चून चोरून पत्रकं काढणाऱ्या मंडळींना ते हवं होतं. भाऊंनी ते कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या मॅनेजरकडून मागून आणलं होतं आणि सरकीच्या पोत्यांमागे दडवलं होतं.

"इथे आपलंच राज्य शे ना? मग लपवता कशाला?" सुंदरबाईंनी विचारलं.

"चळवळ शे ही," भाऊ नवऱ्याच्या तोऱ्यात म्हणाले. "उघड्यावर ठेवत नसतात."

रविवारी धरणगाव स्टेशनावर काळी टोपी घातलेले एक गृहस्थ छत्री सावरत उतरले. भाऊ त्यांच्या कानाशी लागले. "मुलगी पाहायला?"

"हो. मी सुकदेव, चाळीसगावचा."

गोव्याचा माणूस इतक्या सफाईने चाळीसगावचा होतो! भाऊंना भरून आलं. त्यांनी सुकदेवनानांना काटेरी कुंपणांमागून, उकिरड्यावरून घरी नेलं आणि सगळ्या खिडक्या लावून घेतल्या. सुंदरबाईंनी वरण-बट्टी वाढली. घामाने निथळणाऱ्या नानांनी दोन घास खाल्ले आणि मुद्द्यालाच हात घातला.

"मुलीचं वय काय?"

"सव्वीस सालची शे," भाऊ कुजबुजले. "पण दणकट."

नानांनी बोटं मोजली. "एकोणतीस? आमचा मुलगा तेवीसचा शे!"

"एकट्याला आवरायची नाहीच ती. दोघं लागतात."

"आणि... आजवर कुठे होती?"

"जिनिंगच्या मॅनेजरकडे. सात वर्षं. त्यांनी नवी आणली, मग हिला कोपऱ्यात टाकलं."

नानांचा घास हातातच राहिला. "रंग?"

"काळी कुळकुळीत. हात लावला की हाताला लागते. पण तासाला दोनशे काढते!"

नानांना असा ठसका लागला की सुंदरबाई तांब्या घेऊन धावल्या.

"काळजी नको," भाऊ पाठ चोळत म्हणाले. "संध्याकाळच्या गाडीला पोत्यात घालून देतो."

नाना छत्री उगारून उभे राहिले. तेवढ्यात दारावर धडाधड थापा पडल्या. शेजारचे रतिलाल लालबुंद होऊन आत घुसले. त्यांच्या मागे चष्मा लावलेला एक बारकासा तरुण होता.

"झुलाल, हा प्राणी तुझा का?" रतिलाल ओरडले. "चाळीसगावच्या पाहुण्यांना आणायला मी स्टेशनावर गेलो, तर हा म्हणाला, मुलगी पाहायला आलो. आमची लता पोह्यांची बशी घेऊन आली, तर विचारतो, हिचं हँडल कुठे शे?"

"म्हाका यंत्र जाय," तरुण कळवळून म्हणाला. "फक्त यंत्र हवं!"

पहिल्यांदा हसल्या त्या सुंदरबाई, पदर तोंडात कोंबून. मग नाना मटकन बसले आणि हसत सुटले. "आता ती दाखवाच," ते म्हणाले.

पोती सरकवून यंत्र बाहेर काढलं. तरुणाने हँडल फिरवलं, रुळाने कुईं केलं. त्याने हळूच सांगितलं की अशाच यंत्रावर छापलेल्या चार ओळी वाटल्या म्हणून त्याचा थोरला भाऊ वर्षभर तुरुंगात आहे. नानांनी टोपी काढून यंत्राला हात लावला. हाताला शाई लागली.

मग रतिलालच्या घरी रीतसर पाहणं झालं. लता वीस वर्षांची, गोरी आणि तोंडाने फटकळ निघाली. नानांनी तिथल्या तिथे सुपारी फोडली.

संध्याकाळी पोत्यातलं यंत्र एका बाजूने भाऊंनी धरलं, दुसऱ्या बाजूने सुकदेवनानांनी. तिकीट मास्तरांनी विचारलं, "काय भरलंय एवढं?" भाऊ कुजबुजायला वाकले, पण नानांनी फलाटभर ऐकू जाईल असं सांगितलं, "पत्रकं छापायचं यंत्र शे! गोव्याला चाललंय!" फलाटावरचे चार हमाल पुढे झाले आणि त्यांनी पोतं अलगद डब्यात चढवलं. एकानेही मजुरी घेतली नाही.

तरुणाला आणि नानांना घेऊन गाडी सुटली तेव्हा भाऊ ताठ उभे होते. घरी जाताना मात्र ते हमरस्त्यावरून, भेटेल त्याला थांबवून बठ्ठी, अगदी पहिल्यापासून शेवटपर्यंतची हकीकत सांगत गेले.