हँडलवरचं हेल्मेट

कारखान्याचा भोंगा केव्हाच वाजून गेला. गल्लीतले सगळे सायकलवाले घरी आले, मोतीराम आला नाही. त्याची बायको कुसुमबाई दारातून गल्लीच्या तोंडाकडे पाहत होती.

मागच्या आठवड्यात शेजारचा पुंडलिक सायकलसकट डंपरखाली जाऊन मेला. लगेच साहेबांचा हुकूम निघाला: सायकलवाल्यानेही हेल्मेटशिवाय गेटात शिरायचं नाही. खड्डे तसेच, डंपर तसेच. सुधारायचं काय, तर कामगाराचं डोकं.

सकाळी तिने पोराचं, अश्वजीतचं, मोटरसायकलचं जुनं हेल्मेट पुसून मोतीरामपुढे धरलं होतं.

"काहून घालत नाही तुम्ही?"

"मागचा हॉर्न ऐकू येत नाही त्यात. अन् डंपर काय टोपरं पाहून थांबते?"

"पुंडलिकभाऊबी हेच म्हणत होते."

मोतीराम हेल्मेट हँडलला अडकवून निघून गेला. सगळे तसंच करत. गेट आलं की डोक्यावर, गेट सुटलं की हँडलवर. पहारेकऱ्यालाही ठाऊक होतं.

"आई, तू थांब घरी. मी पाहून येतो," आता ती चपला घालू लागली तसं अश्वजीत म्हणाला.

"चल म्हटलं ना."

नाल्यावरच्या पुलियाजवळ गर्दी दिसली आणि ती रस्त्यातच थांबली. अश्वजीतने दंड धरून तिला ओढत नेलं. सायकल आडवी पडली होती. लोंबणाऱ्या हेल्मेटचा पट्टा पुढच्या चाकाच्या तारांत गुरफटून चाक जागीच आवळलं होतं. मोतीराम कडेला बसला होता, डोक्याला कोणाचा तरी गमछा, रक्ताने लालभडक.

"हेलमेट पहना होता तो कुछ नहीं होता," एक जण म्हणाला.

"अरे, हेलमेट से ही तो गिरा, भैया."

"नंतर भांडा रे मुडद्यांनो," कुसुमबाई म्हणाली. "ऑटो रोको पहले."

मोतीरामने वर पाहिलं. ओळखीचं हसला.

"पुंडलिक पुढं गेला काय वं? आत्ता सोबत होता. ड्युटीले उशीर होऊन राहिला."

अश्वजीतने तोंड फिरवलं. कुसुमबाईने चाकात अडकलेल्या हेल्मेटकडे पाहिलं. तिनेच तर ते हेल्मेट दिलं होतं.

"गेले पुढं," ती म्हणाली. "तुम्ही नका जाऊ."

ऑटोत तिने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. दवाखान्यापर्यंत रस्ता नुसता उखडलेला. दर धक्क्याला तो पुंडलिकचं विचारी, आणि दर धक्क्याच्या आधी ती दोन्ही तळव्यांनी त्याचं डोकं आवळून धरी.