दुसऱ्या फोनवरचं ‘होय’

ऐक फक्त, मधी बोलू नको. देवळालीच्या राजनंदिनीचे वडील, अण्णा, वारले. त्यांचे सगळे फोटो त्यांच्या खात्यात, अन् पासवर्ड कुनालाच ठावं न्हाई. वर्षश्राद्ध आलं, तवा तिनं ‘पासवर्ड विसरलो’ दाबलं. स्क्रीनवर आलं, “तुमच्या दुसऱ्या फोनवर ‘होय’ दाबा.”

“आई, अण्णांचा फोन कुठंय?”

“अगं, लई जीव हुता त्येंचा त्याच्यावर. अस्थींसंगं प्रवरेत सोडला की!”

“धन्य हाय तुमची!” राजनंदिनीनं कपाळावर हात मारला. फोटो गेलेच आता.

तेवढ्यात हातातला फोन थरथरला. “दुसऱ्या फोनवरून ‘होय’ आलं. नवा पासवर्ड टाका.”

“उघडू नको, पोरी,” आई पुटपुटली.

राजनंदिनीचं बोट तसंच अधांतरी थांबलं. तू काय केलं असतंस?